वडिलांना जठराचा अल्सर निघाला. स्वादुपिंडाच्या कर्करोगाची भीती किती धरायची?

तासगाव तालुक्यातल्या एका मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील ६१ वर्षांचे, घरची द्राक्षबाग. गुडघे दुखतात म्हणून गेली काही वर्षं मेडिकलमधून दुखायची गोळी आणून खातात. तंबाखूची सवय आहे. दोन महिने पोटाच्या वरच्या भागात आग होत होती आणि जेवण कमी झालं होतं. सांगलीत दुर्बिणीने तपासणी केली तेव्हा जठरात अल्सर दिसला. तुकडा तपासला, तो साधा आला, म्हणजे कर्करोग दिसला नाही. जठरात राहणारा एच. पायलोरी हा जंतू पॉझिटिव्ह आला आणि औषधं सुरू झाली. त्यानंतर मुलाने कुठेतरी वाचलं की जठराचा अल्सर झालेल्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग जवळजवळ दुपटीने होतो आणि पित्ताच्या, म्हणजे जठरातलं आम्ल कमी करणाऱ्या, गोळ्यांनीही तो होऊ शकतो. आता त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत: सीटी स्कॅन आणि सीए १९-९ ही स्वादुपिंडाच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या द्रव्याची रक्ततपासणी लगेच करून घ्यावी का, आणि गोळ्या बंद कराव्यात का?

मी सांगली-मिरजेत बरीच वर्षं पोटविकारांचंच काम करतो. हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या घरांतूनही हल्ली वारंवार येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी घाबरण्यापुरतं उत्तर. जठराचा अल्सर स्वादुपिंडात जाऊन कर्करोग बनत नाही. औषधं बंद करू नका. अर्धवट सोडलेल्या उपचाराने होणारं नुकसान तुम्ही वाचलेल्या धोक्यापेक्षा कितीतरी जवळचं आणि खरं आहे. सीटीचं उत्तर मात्र सरसकट देता येत नाही. वडिलांचं वजन, साखर आणि दुखणं नेमकं कसं आहे यावर ते ठरेल.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकत्र आले आहेत. अल्सरमुळे पुढे स्वादुपिंडाचा कर्करोग होतो का, हा पहिला. आपण ज्याला अल्सरचं दुखणं म्हणतोय त्याच्या मागे आजच स्वादुपिंडाचं काही लपलेलं नाही ना, हा दुसरा. इंटरनेटवर चर्चा पहिल्याची असते. माझ्या ओपीडीत महत्त्व दुसऱ्याला आहे.

पहिल्याचं बघू. तुम्ही वाचलेली गोष्ट खोटी नाही. अमेरिकेत १९८६ पासून पन्नास हजारांच्या आसपास पुरुष आरोग्यव्यावसायिकांच्या तब्येतीची नोंद ठेवली गेली. त्यावरचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना पूर्वी जठराचा अल्सर झाला होता त्यांच्यात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी जास्त दिसला. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या, म्हणजे ड्युओडेनममधल्या अल्सरशी मात्र असा संबंध दिसला नाही. दुसऱ्या काही अभ्यासांत ही वाढ खूपच कमी आली.

आता ‘८० टक्के जास्त’ म्हणजे किती? भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे. सगळी वयं धरली तर वर्षाला लाखात साधारण एक-दोन जण. साठीनंतर प्रमाण वाढतं, म्हणून हिशोबापुरतं वडिलांच्या वयाच्या एक लाख माणसांत वर्षाला दहा जणांना होतो असं मोकळ्या हाताने धरू. ८० टक्के वाढ धरली तर दहाचे अठरा झाले. उरलेल्या ९९,९८२ जणांना त्या वर्षी तो होत नाही. ‘जवळजवळ दुप्पट’ हे शब्द बरोबर असूनही ते वाचून रात्रभर झोप उडते आणि आकडा समोर मांडला की माणूस जरा शांत होतो, हे मी नेहमी बघतो.

हा संबंध का दिसत असावा? सगळ्यात मोठं कारण तंबाखू. धूम्रपानाने अल्सर होतो, झालेला भरून यायला वेळ लागतो आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोकाही साधारण दुप्पट होतो. अभ्यासात सिगारेटचा परिणाम वजा करायचा प्रयत्न करतात, पण तो पूर्ण निघत नाही. दुसरं कारण जठरातल्या आम्लाचं. एच. पायलोरीचा संसर्ग वर्षानुवर्षं राहिला की जठराचं अस्तर झिजतं, आम्ल कमी होतं, तिथे दुसरे जंतू वाढतात आणि ते अन्नातल्या नायट्रेटपासून नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक द्रव्यं बनवतात, असा तर्क आहे. जठराचा भाग कापून काढलेल्या रुग्णांमध्ये काही दशकांनंतर स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं प्रमाण थोडं जास्त आढळलं आहे आणि ते या तर्काशी जुळतं. पण सिद्ध झालेली गोष्ट म्हणून मी ती सांगणार नाही.

त्या शस्त्रक्रियांबद्दल थोडं सांगतो, कारण आपल्या भागात अजून असे आजोबा भेटतात. मिरजेत वानलेस हॉस्पिटल १८९४ साली सुरू झालं आणि शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून, अगदी कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडूनही लोक इथे येत आले आहेत. एके काळी अल्सर म्हटलं की ऑपरेशनच. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये दाखवून दिलं की बहुतेक अल्सरच्या मुळाशी एच. पायलोरी हा जंतू आहे. २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. आज साध्या अल्सरसाठी जठर कापावं लागत नाही. ऑपरेशन उरलं आहे ते अल्सर फुटला, रक्त थांबेना किंवा वाट बंद झाली तर. पोटावर उभा जुना व्रण असलेल्या आजोबांचं वजन आता उतरायला लागलं, तर त्यांना लवकर तपासावं हे खरं. तुमच्या वडिलांचं तसं ऑपरेशन झालेलंच नाही.

गोळ्यांबद्दल. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या गोळ्या घेणाऱ्यांत स्वादुपिंडाचा कर्करोग जास्त दिसला असं सांगणारे काही अभ्यास आहेत. पण त्यात एक मोठी अडचण आहे. स्वादुपिंडात गाठ वाढायला लागते तेव्हा पहिली तक्रार बऱ्याचदा ‘पोटात वर दुखतं, अन्न पचत नाही’ अशीच असते. माणूस डॉक्टरकडे जातो, त्याला पित्ताची गोळी मिळते आणि काही महिन्यांनी निदान होतं. कागदावर क्रम दिसतो आधी गोळी, मग कर्करोग. तुम्ही बागाईतदार आहात, तुम्हाला हे पटकन कळेल: पानावर डाग दिसला म्हणून औषध मारलं आणि आठ दिवसांनी दावण्या (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) उघड झाला, तर फवारणीने दावण्या आला असं आपण म्हणत नाही. या गोळ्या सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हा संबंध सगळ्यात ठळक दिसतो, आणि त्यावरूनही हेच सुचतं.

आता दुसरा प्रश्न, ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय. जठराच्या अगदी मागे, पाठीच्या कण्यासमोर स्वादुपिंड आडवं पडलेलं असतं. त्यामुळे दोघांचं दुखणं एकाच जागी जाणवतं. जठराच्या मागच्या भिंतीतला खोल अल्सर स्वादुपिंडापर्यंत पोहोचला तर त्याचीही कळ पाठीत जाते, म्हणजे पाठदुखी असली की कर्करोगच असं नाही. पण अल्सर सापडला म्हणून सगळ्या तक्रारींचा उलगडा झाला, असंही धरून चालू नये. एका माणसाला दोन आजार असू शकतात.

म्हणून मी रुग्णाला आणि विशेषतः घरच्या बाईमाणसाला बसवून काही गोष्टी खोदून विचारतो. वजन किती उतरलं? पथ्य केल्याने की आपोआप? पँटचा पट्टा किती भोकं आत गेला? दुखणं रात्री आडवं झाल्यावर वाढतं आणि पुढे वाकून बसलं की हलकं होतं का? शौचाला पांढरट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी होते का? लघवी गर्द पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज? आणि साखर. पन्नाशीनंतर नव्यानेच मधुमेह निघाला आणि त्याच सुमारास वजनही खाली आलं, तर मी स्वादुपिंडाचा विचार केल्याशिवाय राहत नाही. पन्नाशीनंतर नवा मधुमेह निघालेल्या साधारण शंभरातल्या एकाला पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघतो, असं आढळलं आहे. बाकीच्या नव्व्याण्णवांना साधा मधुमेहच असतो, त्यामुळे साखर निघाली म्हणून घरात रडारड नको. साखर आणि उतरतं वजन हे दोन्ही एकत्र आले तर मात्र थांबू नका.

काविळीबद्दल इथे मुद्दाम लिहितो. आपल्याकडे कावीळ दिसली की आधी गावातलं झाडपाल्याचं औषध होतं. साठीच्या माणसाला पोटात न दुखता चढत जाणारी कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, तर ती पित्ताची नळी खालून दाबली गेल्याची खूण असू शकते, आणि स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ ती नळी दाबते. या गाठीचं ऑपरेशन शक्य असण्याचा काळ थोडा असतो. त्यातले तीन आठवडे पाल्याच्या रसात गेले की मला फार वाईट वाटतं. कावीळ दिसली त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा.

यांतलं काही वडिलांना असेल तर सीटी जरूर करा. पण ‘पोटाचा साधा सीटी’ नको. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या की स्वादुपिंडासाठी, शिरेतून कॉन्ट्रास्ट (अवयव उठून दिसावेत म्हणून द्यायचं औषध) देऊन करायचा आहे. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, बघतील. सोनोग्राफीत वायूमुळे स्वादुपिंड पुष्कळदा नीट दिसत नाही; अहवालात ‘स्वादुपिंड पूर्ण दिसलं नाही’ अशा अर्थाची ओळ असेल तर त्या सोनोग्राफीवरून स्वादुपिंड चांगलं आहे असा निष्कर्ष काढू नका.

यांतलं काहीच नसेल, अल्सरच्या औषधाने आग कमी होत असेल आणि भूक परत येत असेल, तर आज सीटी करायला मी सांगणार नाही. सीए १९-९ तर मुळीच नको. पित्ताचे खडे, स्वादुपिंडाची सूज, कुठल्याही कारणाने तुंबलेली कावीळ, या सगळ्यांत ती वाढते. उलट काही लोकांच्या शरीरात रक्तगटाच्या एका प्रकारामुळे ती तयारच होत नाही, म्हणजे कर्करोग असूनही अहवाल नॉर्मल. निदान झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्याला ती उपयोगी आहे. लक्षणं नसलेल्या माणसात ती करून मी फक्त घरं हादरलेली बघितली आहेत. घरात आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी दोघांना हा कर्करोग झाला असेल तर गोष्ट वेगळी. मग वेगळ्या पद्धतीने नियमित तपासण्या ठरवाव्या लागतात.

एक दुर्मीळ अपवाद नोंदवून ठेवतो. स्वादुपिंडात किंवा ड्युओडेनममध्ये गॅस्ट्रिन हे संप्रेरक सोडणारी गाठ होते, तेव्हा उलट त्या गाठीमुळे अल्सर होतात. झोलिंजर आणि एलिसन या शल्यविशारदांनी १९५५ मध्ये तिचं वर्णन केलं. एकाच वेळी अनेक अल्सर, नेहमीच्या जागेच्या पुढे आतड्यात, सोबत जुलाब, औषध थांबवलं की लगेच पुन्हा, असं चित्र असेल तर तिचा शोध घेतात. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

वडिलांची खरी काळजी मला वेगळ्याच ठिकाणी वाटते. अल्सर जठरात आहे. ड्युओडेनममधला अल्सर कर्करोगाचा निघणं फार क्वचित. जठरातला अल्सर मात्र दिसायला साधा असूनही जठराच्या कर्करोगाचा असू शकतो आणि पहिल्या वेळी घेतलेल्या तुकड्यांत तो चुकू शकतो. म्हणून आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून अल्सर पूर्ण भरला का ते बघायचं आणि भरला नसेल तर काठावरून पुन्हा तुकडे घ्यायचे. आग थांबली की लोक ही दुसरी तपासणी टाळतात. ‘आता बरं आहे की, परत नळी कशाला?’ सीटीसाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी या तपासणीला लावा. दुर्बीण पाच-दहा मिनिटांची असते. घशात बधिर करणारा फवारा मारतात, फारच भीती असेल तर गुंगीचं इंजेक्शन देतात.

एच. पायलोरीचा उपचार साधारण १४ दिवसांचा असतो आणि तो कठीण आहे, हे मान्य करूनच सुरुवात करावी. आपल्याकडे अँटिबायोटिक वाटेल तशी खाल्ली गेल्यामुळे हा जंतू मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिनला बराच निर्ढावला आहे. म्हणून हल्ली बिस्मथसह चार औषधं एकत्र देण्याकडे कल असतो. तोंड कडू होतं, मळमळ होते. बिस्मथने जीभ आणि शौच काळी होते, ते औषधाचंच आहे. पण बिस्मथ किंवा लोहाच्या गोळ्या चालू नसताना डांबरासारखी चिकट, काळी, घाण वासाची शौच झाली, किंवा औषध चालू असतानाही सोबत चक्कर आणि घाम आला, रक्ताची उलटी झाली, तर तो रक्तस्राव समजून रात्र असली तरी थेट मोठ्या दवाखान्यात जा. पोटात अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ येऊन पोट फळीसारखं कडक झालं तरीही तेच. औषधांत टेट्रासायक्लिन असेल तर ते दुधासोबत घेऊ नये. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू पूर्ण बंद.

पित्ताची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. बागेत पहाटे जाणारी माणसं ती सकाळच्या चहाबरोबर घेतात आणि जेवतात दहा वाजता. मग गोळीचं निम्मं काम वाया जातं. जेवण दहाला असेल तर साडेनऊची वेळ ठरवा.

या सगळ्याइतकीच महत्त्वाची गुडघ्याची गोळी. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड यांपैकी काहीही पाकिटावर असेल तर ती बंद. पुष्कळ जण म्हणतात, गोळी नको तर इंजेक्शन द्या. त्याने काही साधत नाही. ही औषधं रक्तातून जाऊन जठराच्या अस्तराचं संरक्षण काढून घेतात, त्यामुळे ती तोंडाने घेतली की दंडातून याने फार फरक पडत नाही. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या तर अजिबात नकोत; अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि दुखायच्या गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल मापात चालते, वरून लावायचं मलम चालतं, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम खरोखर उपयोगी पडतात. वडील हृदयासाठी ॲस्पिरिन घेत असतील तर ती मात्र मनाने बंद करू नका. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

तंबाखू सोडणं ही एकच गोष्ट अशी आहे की जी तुम्ही विचारलेल्या कर्करोगाचा धोकाही खरोखर कमी करते. विडी-सिगारेटचा पुरावा भक्कम आहे. चघळण्याच्या तंबाखूने आणि मिश्रीने स्वादुपिंडावर किती परिणाम होतो यावर एकमत कमी आहे, पण तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाबद्दल शंकाच नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तरीही गावोगाव पुड्या मिळतात, त्यामुळे हे काम घरानेच करावं लागेल. साठीच्या माणसाला रागावून काही होत नाही. अल्सर निघाल्यावर माणूस थोडा हललेला असतो, नेमक्या त्याच आठवड्यांत सुटण्याची शक्यता जास्त, असा माझा अनुभव आहे.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. खर्डा, तांबडा रस्सा, भडंग यांनी अल्सर होत नाही. झालेला अल्सर त्याने झोंबतो, म्हणून भरेपर्यंत तिखट आवरतं घ्या, एवढंच. आग झाली की थंड दूध प्यायची सवय असते. घटकाभर बरं वाटतं, पण दूध पचवताना जठर पुन्हा आम्ल सोडतं. आणि हळद: सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मला तिचा अभिमान आहे, पण चमचा चमचा हळद खाऊन एच. पायलोरी मरत नाही. भाजीत घाला, औषधाच्या जागी नको.

तर गोळ्या बंद कधी? जठराच्या अल्सरसाठी साधारण आठ आठवडे, आणि दुसऱ्या दुर्बिणीत अल्सर भरलेला दिसला, दुखायची गोळी सुटली आणि जंतू गेला, तर पित्ताची गोळी थांबवता येते. थांबवल्यावर दोन-तीन आठवडे आम्ल जरा उसळतं. त्याला घाबरून पुन्हा कायमची गोळी सुरू करू नका. डोस हळूहळू कमी केला तर सोपं जातं. उगाच वर्षानुवर्षं घेऊ नये हे मीही म्हणतो, कारण बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. मात्र ॲस्पिरिन चालू ठेवावी लागणाऱ्यांना ही गोळीही चालू ठेवावी लागते.

जंतू गेला की नाही हे तपासल्याशिवाय उपचार संपला असं धरू नका. त्यासाठी श्वासाची तपासणी किंवा शौचाची अँटिजेन तपासणी करतात. अँटिबायोटिक संपून किमान चार आठवडे झालेले असावेत आणि पित्ताची गोळी दोन आठवडे बंद असावी, नाहीतर जंतू असूनही अहवाल निगेटिव्ह येतो. दुसरी दुर्बीण आणि ही तपासणी यांच्या तारखा त्या हिशोबाने डॉक्टरांशी बोलून लावून घ्या. रक्तातली अँटिबॉडी तपासणी यासाठी करू नका. जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा जंतू माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातला, तो जठराच्या कर्करोगामुळे. स्वादुपिंडाशी त्याचा संबंध अजून वादात आहे. पण जठरासाठी तो काढायलाच हवा.

तुम्ही वडिलांचं सहा महिन्यांपूर्वीचं आणि आजचं वजन, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन, आणि दुर्बिणीच्या अहवालात अल्सर जठराच्या नेमक्या कुठल्या भागात, किती मोठा लिहिला आहे, हे कळवा. तुकडे किती घेतले तेही असेल तर लिहा. त्यावरून सीटी लागेल की नाही हे मी जास्त खात्रीने सांगू शकेन.